जिना राहिला!

३ मार्च

आणि वर म्हणतो, "तू तिकडे कागदाची घरं कर, इकडची खरी आम्ही बघतो!" कागदाची? फोमची असतात, दादा! आणि त्या फोमच्या पगारावरच तुझं खरं बांधकाम होणार आहे. हे फोनवर म्हणायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं. माझं नेहमीचंच.

भांडण तेच. घरामागच्या मोकळ्या जागेत दादाला खोली बांधायची आहे. मी म्हणतो, आहे त्या घरावर मजला चढव. पाया आहे, भिंती आहेत. मागची जागा वाचेल, तिथली आईची भाजी वाचेल. आणि मी परत गेलो की वरचा मजला माझा! पण दादाचं एकच – मागेच बांधायचं. का? "का म्हणजे काय? मागेच." याच्यापेक्षा बैल परवडला.

पैसे माझे आहेत. म्हणून तर विचारतो!

४ मार्च

दिवसभर नमुन्यातल्या घरांची छपरं कापली. एकशे बारा. बोटाला पट्टी.

७ मार्च

आज बाई कारखान्यात आल्या. नवी वस्ती कशी वसवायची हे त्या ठरवतात, आणि त्यांच्या डोक्यातलं आम्ही टेबलावर मांडतो. अकरा हजार माणसांची वस्ती, आणि टेबल जेवणाच्या टेबलाच्या दुप्पट!

बाईंनी ठोकळे एकमेकांना चिकटवून लावायला सांगितले. म्हणाल्या, घराला घर टेकलेलं असलं की मधली भिंत थंडीत गारठत नाही, उन्हात तापत नाही, वीज कमी जळते. शाळा, दुकान, दवाखाना – सगळं दहा मिनिटं पायी. म्हणजे गाडी काढायला नको.

मी म्हटलं, "पण बाई, लोकांना ऐसपैस आवडतं ना?"

"आवडतं की! पण त्या ऐसपैसपर्यंत पाण्याचा पाइप न्यायचा, तार न्यायची, रस्ता न्यायचा. त्यात शेतं जातात. जमीन वाढत नाही रे, मजले वाढतात."

हे वाक्य मी लगेच हातावर लिहून घेतलं. आमचा मिस्त्री म्हणाला, "गोंदवूनच घे ना!"

८ मार्च

सुट्टी. दादाला वाक्य ऐकवलं. वाटलं, जिंकलो! मग म्हणतो, "पाठ केलंस की वाचून दाखवतोयस?"

मागून वहिनी, "अहो, भावोजींना जेवलात का तरी विचारा!"

आई फोनवर आली नाही. भाजीला पाणी घालत होती म्हणे. बघ, म्हटलं, तिचा जीव आहे त्या वाफ्यांत! दादा "अरे, ती..." म्हणाला आणि विषयच बदलला.

१२ मार्च

बाईंच्या घरी लहान नमुना पोचवायला गेलो. दोन बस बदलून दीड तास! केवढा बंगला. चारही बाजूंनी मोकळी जागा, दारात दोन गाड्या, आणि राहणाऱ्या बाई एकट्या. दिवसाढवळ्या सगळ्या खोल्यांत दिवे. मी दिव्यांकडे बघतोय हे बाईंनी बघितलं.

"हे घर वडिलांचं आहे," म्हणाल्या.

मी काही विचारलंच नव्हतं. जाता जाता त्यांनी दोन दिवे बंद केले. माझ्यासाठी.

१५ मार्च

आज कमाल केली! उरलेल्या फोममधून आमचं घर केलं. हुबेहूब. पुढचा रस्ता, डावीकडे शेजाऱ्यांची भिंत, उजवीकडे गटाराचा चिंचोळा बोळ, मागे हिरव्या कागदाची भाजी. आणि वर माझा मजला! तीन खिडक्या. एका खिडकीत माणूस पण चिकटवला – मी. मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "सुबक झालंय." तो असं सहसा म्हणत नाही. फोटो काढून दादाला पाठवला. आता बोल म्हणावं!

१६ मार्च

दादाचं उत्तर आलं. "छान आहे. वर जायचं कसं? उडत?"

जिना! जिनाच केला नाही मी.

१७ मार्च

मिस्त्रीला सांगितलं, तर हसून हसून त्याचा चष्मा खाली पडला. मग एकदम थांबला. म्हणाला, "अरे, मी नऊ वर्षं हे काम करतोय. एक जिना केला नाही. ठोकळ्याला कसला जिना!" मग आम्ही दोघं टेबलावरच्या वस्तीकडे बघत बसलो. अकरा हजार माणसं, पाच-पाच मजले, आणि सगळी वरच्या वर अडकलेली.

बाईंच्या नकाशात जिने आहेत म्हणे. आमच्याकडे पोचेपर्यंत गळतात.

१९ मार्च

दोन दिवस जिना बसवतोय. पुढून काढावा तर पहिली पायरी रस्त्यात. डावीकडे शेजारी. उजवीकडच्या बोळात मांजर आडवं होत नाही, जिना कुठला होणार? मागून काढला तर मागची जागा गेली – म्हणजे दादा जिंकला! राहिलं घराच्या आतून. स्वयंपाकघरातून जमत नाही, चुलीवरून चढावं लागेल. एकाच जागी बसतो. आईची खोली.

तीन फूट जिन्याला गेले तरी खाट राहते. मोजून बघितलं. फोममध्ये राहते.

२० मार्च

दादाला कळवलं – आईची खोली जरा लहान होईल, पण जमतंय. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. म्हणाला, "हे तू आईला सांग. मी नाही सांगणार."

घाबरट!

२२ मार्च

सांगितलं. फूट, इंच, बाईंची टेकलेली भिंत, सगळं नीट. आईने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं तुझं?"

"झालं."

"मागची खोली कुणासाठी चाललीय, ते ठाऊक आहे तुला?"

मी म्हटलं, दादासाठी, दुसऱ्या कुणासाठी?

"माझ्यासाठी. मीच मागितली. आणि तुला सांगू नको म्हणून मीच त्याला शपथ घातली. म्हातारीला घराबाहेर काढली असं तुला वाटलं असतं, तिकडून भांडत बसला असतास."

मी तसाही भांडतच होतो.

"अरे, न्हाणीघर माझ्या खोलीच्या पलीकडे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून जो तो माझ्या खोलीतून जातोय. सासरे गेले, दीर गेले, तुम्ही दोघं ओले पाय घेऊन गेलात, आता नातवंडं जातात. मला एक खोली हवी, जिच्यातून कुणी कुठे जात नाही. आणि तू म्हणतोस जिनापण इथूनच काढू! म्हणजे आता वरूनही येणार आणि खालूनही!"

"पण आई... तुझी भाजी?"

"मला भाजी आवडते असं कुणी सांगितलं तुला? तुमची पोटं भरायची होती म्हणून लावली. कंबर मोडली माझी वाकून वाकून."

मग हसायला लागली. मी पण. मग मला हसू येईना. आई म्हणाली, "तुझ्या त्या बाईंची टेकलेली भिंत ठेव हवी तर. खोली घराच्या मागच्या भिंतीलाच लावू, जागाही थोडीच जाईल. पण दार वेगळं. आणि कडी आतून."

२३ मार्च

दादाला फोन केला. म्हटलं, आधीच सांगायचं होतंस. म्हणाला, "शपथ होती ना रे." चार महिने बैल म्हणवून घेतलं आणि एक शब्द बोलला नाही!

२५ मार्च

बाई आल्या होत्या. विचारलं, बाई, एका माणसाला किती जागा धरता? त्यांनी चटकन आकडा सांगितला. म्हटलं, आणि दारं किती?

"म्हणजे?"

मी आईचं सगळं सांगितलं. बाई टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. वही काढली, पण लिहिलं नाही काही. म्हणाल्या, "कोण कुणाच्या खोलीतून जातं, हे आम्ही विचारतच नाही रे."

२९ मार्च

मजल्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे काढले. दरवेळी दादाच्या नावाने पाठवतो, आज आईच्या नावाने. खोली तिची, गवंड्याशी तीच बोलेल. फॉर्मवर घेणाऱ्याच्या जागी 'आई' लिहिलं, तर काउंटरवाली म्हणाली, असं चालत नाही, नाव लिहा. लिहिलं. पाच वर्षं पैसे पाठवतोय, आईचं नाव पहिल्यांदाच. अठ्ठावन्न हजार.