वाकड्या गोलाचं भूत

रवि., १० नोव्हें.
अकोल्याचा वर्ग. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, बसायला जागा मिळाली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चौदा मुलं, सगळी पहिली-दुसरीतली. आज ‘भूत काढू या’. दोन संध्याकाळी बसून तक्ता केला होता. बारा पायऱ्या. शिंगं, खवले, शेपटीवर छायाप्रकाश. तक्ता उघडला तर मुलं “बाप रे” म्हणाली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पाचव्या पायरीला निम्मी थांबली. ईश्वरीनं (सात वर्षं, दोन वेण्या, फार बोलत नाही) कागदाचा बोळा करून दप्तराच्या बाटलीच्या कप्प्यात कोंबला. “मले नाही येत. मले येतच नसते.”

मागं शमीम आपा बसून होत्या. उर्दू शाळेतून रिटायर झाल्यावर हा वर्ग त्यांनीच सुरू केला, मला अमरावतीहून बोलावणाऱ्याही त्याच.

सोम., ११ नोव्हें.
आपांचा फोन. “वैशाली, तुहं भूत लय खूबसूरत आहे बेटा. पण थे पुरं होऊन बसलं आहे. पोट्ट्यायनं त्यात काय करायचं?”

राग आला. आर्टचा डिप्लोमा मी केलाय, त्यांनी नाही. पोळ्या लाटता लाटता लक्षात आलं, त्या बरोबर बोलल्या म्हणूनच राग आला. परत फोन केला. पुढचा वर्ग तुम्ही घ्या म्हटलं.

रवि., १७ नोव्हें.
आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

आपांनी आधी सगळ्यांचे खोडरबर एका डब्यात जमा केले. मग, “गोल काढा.” कुणाचा बटाटा झाला, कुणाचा चपटा. रडवेले चेहरे. आपा खूश! “सीधा गोल लाडूचा. वाकडा गोल भुताचा. ज्याचा जास्त बिघडला, त्याचं भूत जास्त खतरनाक.” बस, वर्ग सुसाटच सुटला. जो तो आपला गोल किती वाकडा ते दाखवतोय.

डोळे मोठ्ठे, बुबुळ मोहरीएवढं. त्यांनी फळ्यावर तो ठिपका दिला आणि मी स्वतः दचकले. माझ्या बारा पायऱ्यांत जे जमलं नव्हतं ते एका ठिपक्यात. दात मोजायचे नाहीत. हात हलला तर ते भुताचे केस.

ईश्वरी नुसती पेन्सिल धरून. आपा तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या, गुडघे दुखतात तरी.
“काहून व? तुहं भूत कुठी गेलं?”
तिनं पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. मग, “थे रुसलं.”
“मंग रुसलेलंच काढ. रुसलेल्या भुताले त मी बी भेते.”

काढलं. पाठमोरं! नुसती केसाळ पाठ आणि सात पाय. डोळे नाहीत, दात नाहीत. वर्गातलं सगळ्यात भीतिदायक तेच. आता वळलं तर, असं वाटत राहतं. दहा वर्षं चित्रकला शिकवतेय, हे मला सुचलं नसतं. ईश्वरीलाही सुचलं नसतं, आपा खाली बसल्या नसत्या तर.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत तेच डोक्यात.

बुध., २० नोव्हें.
माझ्या शाळेत पहिलीवर आपांची पद्धत. अडचण माझीच. माझा गोल वाकडा येईना! हातच ऐकत नाही. शेवटी डाव्या हातानं काढला. मुलं हसून बेजार. सदतीस भुतं, एकही दुसऱ्यासारखं नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई बघायला आल्या.

रवि., २४ नोव्हें.
वर्ग सुरू व्हायच्या आधी ईश्वरीचे बाबा. तक्रारीच्या सुरात, “मॅडम, भुतं काहून शिकवून राहिले तुमी? पोरगी भेत असते.”
आपांनी विचारलं, “सवताच्या भुताले भेली का?”
“नाही. त्याले फ्रिजवर चिकटवलं तिनं. मीच पाणी घ्याले गेलो आन् दचकलो.”
“बस मंग. तिनं काढलं ना, थे तिचंच ऐकते.”
ते हसले. तिला सोडून गेले.

मग ते झालं. आपा फळ्यावर नवं भूत काढत होत्या आणि शिंग फळ्याबाहेर गेलं. चौकट ओलांडून भिंतीवर, वीतभर. खडू थांबलाच नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपा एक पाऊल मागं सरकल्या, मग म्हणाल्या, “याले फळा पुरत नाही बाप्पा!” मीसुद्धा हसले.

चहाच्या वेळी त्यांचा हात कपाच्या बाजूनं दोनदा गेला. विचारलं. आधी उडवून लावलं, मग सांगितलं. उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. वर्ष झालं. कुणालाच सांगितलं नाही, पुण्याच्या मुलालाही नाही. “सांगितलं त थो घेऊन जाईन मले पुण्याले. मंग वर्ग?”
मुलाला सांगणार नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. दिलं. पण बदल्यात डॉक्टरकडे यायचं कबूल करून घेतलं.

वर्षभर असं बघून त्या फळ्यावर काढत होत्या, आणि आम्हा बघणाऱ्यांना काही दिसलं नाही.

गुरु., २८ नोव्हें.
आपा अमरावतीला आल्या. डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. डोळ्यातलं प्रेशर बरंच वाढलंय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची. रोज थेंब, दोन आठवड्यांनी परत तपासणी, मग ऑपरेशनचं ठरेल. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरचं कुणीतरी आणा. आपांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तारीख लिहून घेतली.

घरी आणून खिचडी वाढली. चांगल्या जेवल्या. थेंब कसे टाकायचे ते मला दोनदा करून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, “रविवारी घोडा.”
“आपा, घोडा कठीण. लहान आहेत मुलं. मलाच पाय जमत नाहीत घोड्याचे.”
“म्हणून त. दिसते तवरोक कठीण कठीण काढून घेऊ.”

साडेचारच्या गाडीत बसवून आले. खिडकीतून हात हलवत होत्या, मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे बघून.

पुण्याचा नंबर आहे माझ्याकडे, मागे कधीतरी त्यांनीच दिलेला. दोनदा काढला, दोनदा ठेवला. वचन दिलंय. पण दोन आठवड्यांनी घरचं माणूस लागेल…

संध्याकाळभर घोड्याचे पाय काढतेय.