पाणी बदलून राह्यलोत

१८ मे, रविवार

त्या स्विमिंग पूलच्या मॅनेजरला काडीची अक्कल न्हाई. मानेवर पावडर आणि तोंडात पुडी.

आमच्या बियाणे कंपनीत केनियाहून शिकायला आलेल्या डॅनियलला घेऊन पोहायला गेल्तो. दोघांच्या पावत्या झाल्या. डॅनियल पोहायचा नवा गॉगल कपाळावर चढवून उभा होता. तेवढ्यात मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही या बिनधास्त. ह्यांना नको. असल्या काळ्या माणसासंगं मेंबर लोक पाण्यात उतरत न्हाईत." स्वतःचं तोंड आरशात कधी पाहिलं न्हाई वाटतं ह्यानं.

"अहो, पावती दिली ना तुम्ही."

"मंग त्यांना सांगा, पाणी बदलून राह्यलोत."

मागं पूलमध्ये वीसेक माणसं डुंबत होती.

आणि मी काय केलं? डॅनियलला इंग्रजीत तेच सांगितलं. त्यानं पूलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गॉगल काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी वकील बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, घटनेतलं भेदभावबंदीचं कलम आपल्या नागरिकांपुरतं हाय. पण पैसे घेऊन अडवलं, तर ग्राहक आयोगात बराबर जाता येतं. काय झालं ते डॅनियलच्याच शब्दांत लिहून आण, खाली त्याची सही."

त्याच्या शब्दांत. मॅनेजर तर त्याच्याशी एक अक्षर बोलला न्हाई. तो गॉगल खिशात गेला तो माझ्या बोलण्यानं. खरं लिहिलं, तर त्या कागदावर त्याला अडवणारा माणूस मीच निघतो.