दमणीचं जहाज

मी, गुलाबराव शामराव घोपे, वय एकाहत्तर, धंदा शेती, नाद लाकडी जहाजांचा, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीनं लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल गावात दोन मतं आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

कलम १. राहतं घर आणि नाल्याकाठचं तीन एकर वावर पत्नी अन्नपूर्णाबाई हिला तहहयात, तिच्यामागे मुलगी दीपमाला हिला. झोपेत मी हातानं वल्हवतो. म्हणून सकाळी चहा देताना अन्नपूर्णाबाई विचारते, "आज कोठी गेलते जी?" मी बंदराचं नाव सांगतो, असेल नसेल ते. एकदा सांगितलं, पाणी दुधासारखं होतं, लोक होडीनं या छपरावरून त्या छपरावर जात होते, आणि तू धक्क्यावर भेंडी विकत होतीस. ती म्हणाली, "खपली का मंग?" अशी बायको नशिबानंच मिळते.

कलम २. रंधा, पटाश्या, वाकस आणि लहान करवत दीपमालाला. लोक म्हणतील, "सासरी गेलेल्या पोरीले रंधा कायले?" म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचं पाहावं. सहावीत असल्यापासून माझ्या फळ्यांना काचकागद तिनंच मारला आहे.

कलम ३. लहान जहाजं, नग नऊ. मी समुद्र पाहिलेला नाही. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर तीन शिडांचं जहाज पाहिलं, ते डोक्यात शिरलं आणि निघालंच नाही. गावात ट्रॅक्टर आले, तिफणी न् वखर चुलीत जायला लागले. ते मी मागून आणले आणि त्यांची जहाजं केली. शिडं अन्नपूर्णाबाईच्या जुन्या पातळांची. ज्याच्या तिफणीचं जहाज, त्याच्याच घरी ते परत जावं; तळाला नावं कोरली आहेत. नेणाऱ्यानं एकदा तरी ते गव्हाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ठेवावं आणि जमिनीला गाल लावून पाहावं. वारा सुटला की गहू लाटेनं येतो, पलीकडे सातपुडा निळा होतो, आणि वावर कुठं संपलं ते कळत नाही. मी असा तासन्‌तास पडलो आहे. निंदण तसंच राहायचं, हे कबूल.

कलम ४. मोठं जहाज, लांबी साडेतीन हात. हे कलम मी तीनदा फाडलं. ते आमच्या बाबांच्या दमणीचं आहे. दमणी म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी, अस्सल सागाची. वाटणीत वावर वाटलं, भांडी वाटली. दमणी दोघा भावांची म्हणून गोठ्यात राहिली. थोरला भाऊ उत्तमराव तेव्हा जळगाव जामोदला होता. त्याला न विचारता मी ती कापली, आणि उधई लागून पोखरली होती असं गावभर सांगितलं. उधई नव्हती. मला तो साग पाहिजे होता, बस. तो आला, दारातच उभा राहिला, म्हणाला, "बाबाच्या दमणीचं खेळणं केलं बे तू?" त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून तो या घरात आला नाही, मी त्याच्या घरी गेलो नाही. चूक माझी आहे. माझ्यामागे ते जहाज उत्तमरावाच्या दारात ठेवावं आणि खरं काय ते सांगावं. जिवंतपणी माझी जीभ उचलत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. शेजारी गोविंदा सहीला आले; दुसरे साक्षीदार ऐनवेळी शेगावला गेले. अन्नपूर्णाबाईनं मला न विचारता उत्तमरावाला फोन केला. तो आला. कागद तपासायला आलेले वकील म्हणाले, साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. कलम चारवर थांबला. म्हणाला, "उधई नोयती हे मले तवाच समजलं होतं. तू सांगशील म्हून वाट पाहून राह्यलो होतो."

वकील म्हणाले, ज्याला वस्तू मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये, पुढे कटकट होते. सही करा नाहीतर जहाज घ्या.

"मंग ते कलम खोडा," उत्तमराव म्हणाला. "तू मरायची वाट मी काऊन पाहू बे? आत्ताच दे."

मी रडलो, आणि ते इथं लिहायची मला लाज वाटत नाही. कलम चार मी माझ्या हातानं एका रेघेनं, वाचता येईल असं खोडलं आहे. खोडल्या जागी तिघांच्या सह्या आहेत. जहाज दारातून आडवं निघेना, म्हणून आम्ही दोघांनी ते तिरपं धरून बाहेर काढलं.

लिहून देणार: गुलाबराव शामराव घोपे (सही)

साक्षीदार:
१. गोविंदा पुंजाजी बावस्कर (सही)
२. उत्तमराव शामराव घोपे, लिहून देणाऱ्याचा भाऊ (सही)

ठिकाण: वडनेर भोलजी
दिनांक: ९ जानेवारी २०२५