दहा मिनिटं मागे

२२ ऑक्टोबर १९९७, बुधवार

बुडापेस्टहून पत्र आलं. बार्नाबाशच्या डोक्यातला नवा डाग म्हणजे गाठ परत आली, की गेल्या वर्षीच्या किरणांचा नुसता व्रण, ते साध्या फोटोत कळत नाही म्हणे. किरणोत्सारी औषध टोचून बघा. तेवढी सोय आमच्या प्रयोगशाळेतच आहे. सोमवारी.

म्हणजे औषध मीच बनवणार! नवऱ्यासाठी. तिहामेरने विचारलं, दुसऱ्या कुणाला सांगू का. दुसरं आहे कोण? तो यंत्र चालवतो, मी रसायन करते. संपलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजपासून हिवाळ्याची वेळ. बार्नाबाशने घरातली सगळी घड्याळं तासभर मागे घेतली. हात थरथरतो, तरी कुणाला हात लावू देत नाही. माझं घड्याळ दुरुस्तीला गेलंय, तर स्वतःचं माझ्या मनगटावर बांधलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ट्राम चुकली. तिहामेर म्हणाला, “या राणीसरकार! कार्बन तुमच्यासाठी थांबणार आहे होय?” थांबत नाहीच तो किरणोत्सारी कार्बन. वीस मिनिटांत निम्मा, चाळीसात पाव. यंत्रातून वायू आला की धावपळ — आधी आयोडाइड, मग तो कार्बन औषधाच्या रेणूला जोडायचा, गाळायचा, तपासायचा, मोजायचा.

भिंतीवरची घड्याळं कुणी मागे घेतलीच नव्हती. औषधाची ताकद मोजणाऱ्या मोजणीयंत्राचं घड्याळ मनगटावरून लावलं.

औषध उत्तम उतरलं. कुपीवर नाव नसतं, नुसता नंबर — ११७८. खालच्या खोलीत तपासणीच्या यंत्रात तो झोपलेला, वर मी हातमोजे काढत होते. काही वाटलं नाही. डब्यातला शिळा पोगाचा, खारा पाव, खाल्ला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तपासणीचे फोटो वाचणाऱ्या डॉ. केलेमेननी बोलावून सांगितलं. डागाने औषध किती ओढलं त्याचा आकडा ४.१. गाठ परत आलीय.

घरी येऊन बटाटे सोलले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सोमवारनंतर आज पुन्हा औषध. शिपायाने अखेर भिंतीवरची घड्याळं लावली होती. सहज बघितलं — मोजणीयंत्र दहा मिनिटं मागे! माझं मनगटही मागे! म्हणजे सोमवारीसुद्धा. तरीच आठवडाभर ट्राम चुकतेय आणि तिहामेरचं तोंड सुरू आहे.

खालच्या खोलीतली वेळ संगणकाची, ती बरोबर. म्हणजे मोजणी आणि तपासणी यांच्यामध्ये कागदावर दहा मिनिटं जास्त धरली गेली. तेवढा कार्बन विझला असं गृहीत धरलं, तो विझलाच नव्हता. शरीरात औषध जास्त गेलं, कागदावर कमी. म्हणून आकडा फुगला! रुमालाच्या कागदावर गणित केलं, तीनदा. ४.१ नाही, २.९. तीनच्या आत व्रण, असं आमची शिकाऊ पोरं ढोबळमानाने धरतात.

डॉ. केलेमेन उद्याच्या, मृतांच्या स्मरणाच्या सणासाठी गावी गेल्यात. सोमवारी येतील. बार्नाबाशला पक्कं झाल्यावरच सांगेन. महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली.

१ नोव्हेंबर, शनिवार

सासऱ्यांच्या थडग्यावर शेवंती, मेणबत्त्या. वारा फार. बार्नाबाश काडी पेटवत राहिला, मी ओंजळ धरून उभी. मी हसत होते. “आज काय झालंय तुला?” म्हणाला. काही नाही म्हणाले.

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉ. केलेमेननी माझा कागद शांतपणे वाचला. खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “इमोला, नुसत्या आकड्यावर मी कधीच जात नाही गं. डाग मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी भागाशी ताडून बघते. घड्याळाची चूक सुधारली तर दोन्ही बाजूंचे आकडे सारख्याच पटीने खाली येतात.”

डाग निरोगी भागाच्या अडीचपट. तेव्हाही अडीचपट, आताही अडीचपट.

हे मी दर सप्टेंबरला पोरांना फळ्यावर शिकवते. शुक्रवारीही मला माहीत होतं. मी तिकडे बघितलं नाही, एवढंच. चूक नोंदवहीत लिहिली, सही केली. पुन्हा सगळं बधिर.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बार्नाबाशला सगळं सांगितलं. गाठीचं ऐकून तो नुसती मान हलवत राहिला, त्याला अंदाज होताच. घड्याळाचं ऐकल्यावर मात्र चेहरा पडला. रविवारी तास मागे घेताना वर दहा मिनिटं त्यानेच मागे घेतली होती.

“सकाळी कॉफी घेताना तू जरा जास्त वेळ बसावीस म्हणून,” म्हणाला.

मी रडले. पहिल्यांदाच.

यंत्राचं घड्याळ आता भिंतीवरून लावते. मनगटावरचं तसंच ठेवलंय.