मोत्यातलं दार

प्रिय नसीमआपा,

तू गेल्यावर तुला लिहिण्यात काय अर्थ आहे, कळतं मला. पण आज सकाळी शेठ म्हणाले, "लग्नसराई आली. नसीमनं काढलेल्या पत्रिकेवरच्या मोत्यांत डाग हाय बघ, तेवढा साफ करून टाक." डाग म्हणाले, आपा! दुसऱ्या कुणाला सांगू?

औशाच्या या छपाईच्या दुकानात मी नवी होते, तेव्हा कॉम्प्युटरवर मी काढलेला मोती म्हणजे नुसती पांढरी टिकली. तू हसलीस. "चपटा हाय गं. आधी सांग, उजेड कुठून यायलाय?" मग एका अंगाला चमक, दुसऱ्या अंगाला अंधार, खाली धूसर सावली. बघता बघता टिकलीचा मोती झाला.

तुझ्या मोत्यातली चमक मात्र चौकोनी असायची. का, विचारलं तर म्हणालीस, "आपल्याकडं उजेड दारातून येतो. मग चमकेत दारच दिसणार ना?" मोती मोठा करून दाखवलास. दारात बारीक काळा ठिपका होता. "ही तू. चहा घेऊन दारात उभी राहतीस अन् माझा उजेड अडवतीस."

छातीत दुखत होतं, तर सांगायचं होतंस ना? "पित्त हाय" म्हणत काम करत बसलीस. लई राग येतो तुझा.

आता तुझ्या खुर्चीवर मी बसते. लातूरला मिठाईच्या डब्यावर, कुणाच्या पत्रिकेवर, तुझा मोती दिसला की डोळ्याजवळ धरते. प्रत्येकात मी दारात उभी. म्हणजे आत बसून माझ्याकडं बघणारी तूच ना? भीती वाटते, आपा. तरी बघते.

आज ठिपका पुसायला घेतला. बोट बटणावर ठेवलं, अन् टेबलावरचा उजेड गेला, दारात कुणी उभं राहिल्यावर जातो तसा. मी वर बघितलं. दारात कुणीच नव्हतं.

शेठना सांगितलं, डाग निघत न्हाई.

तुझ्या मोत्यातला ठिपका मी कधीच पुसणार नाही. अन् यापुढं मी करीन त्या प्रत्येक मोत्यात दार असेल, दारात तू असशील. ये, उभी राहा. माझा उजेड अडला तरी चालेल.

तुझा उजेड अडवणारी,
मंदा