रोजच्या वापरातली वाक्यं

डोंबिवली, १० मार्च

चि. सौ. उमा हिस दर्शनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘हो वन्सं, हो वन्सं’ करतेस, त्यातून इंग्रजी कसं सुधारणार? शाळेतून निवृत्त झाले तरी माझी मास्तरकी सुटलेली नाही, म्हणून हा पत्रांचा मार्ग. दर पत्राला मी एक क्रियापद देणार आणि तू त्याची वाक्यं करून पाठवायची. पुस्तकातली नकोत, घरातली, रोजच्या वापरातली हवीत.

या खेपेचं क्रियापद ओव्हरबर्डन. म्हणजे एखाद्यावर झेपणार नाही इतका भार टाकणं.

मे महिन्यात येतोच आहोत. यंदा माझ्या दोन्ही जावा आणि त्यांची मुलंही आहेत. दत्ताला फोन केला, तर म्हणाला, ‘या की ताई, उमा आहे.’ माझा भाऊ अगदी मोठ्या मनाचा हो!

अभ्यास आधी, बाकी माया आहेच.
दर्शना

*

रत्नागिरी, २२ मार्च

ती. सौ. वन्सं यांना उमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आंबा यंदा कमी आहे आणि माणसं तर मिळतच नाहीत. मिरजोळ्याच्या बागेत पेट्या भरायला मीच जाते. रात्री कंबर अशी धरते की कूस बदलताना आई आठवते.

वाक्यं केली आहेत. तपासून घ्या.

मँगोज ओव्हरबर्डन द ट्री.
एव्हरी मे, गेस्ट्स ओव्हरबर्डन उमा.
माय हजबंड सेज येस ऑन फोन अँड ओव्हरबर्डन्स मी.
प्लीज डू नॉट ओव्हरबर्डन मी धिस इयर.
उमा इज नॉट अ ट्री.

आणखी एक सांगायचं होतं. अवनीच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण लेकीचं बडोद्याचं घर मी अजून फोटोतच बघते आहे. तिला सुटी मे महिन्यातच असते आणि मे महिन्यात आमच्याकडे तुम्ही सगळे असता. यंदा तिने मला न विचारता माझं तिकीट काढून ठेवलंय. मला जायचंय हो वन्सं. खूप जायचंय. ह्यांना विचारलं तर म्हणतात, ताई काय म्हणते बघू. तेव्हा काय ते कळवा.

चुका पोटात घाला आणि लोभ कमी करू नका.
उमा

*

डोंबिवली, २ एप्रिल

चि. सौ. उमा हिस अनेक आशीर्वाद.

शाबास! दहापैकी आठ. तिसऱ्या वाक्यात ‘द’ विसरलीस आणि पाचव्यात दिलेलं क्रियापदच नाही, म्हणून दोन मार्क कापले. पण काय गो तुझी कल्पनाशक्ती! तुझी वाक्यं मी महिला मंडळात वाचून दाखवली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, शेवटी टाळ्या. अध्यक्ष सगुणाताई म्हणाल्या, अशी विनोदी भावजय मिळायला नशीब लागतं. म्हणून त्यांनाही यायचंय, लेक आणि अमेरिकन जावयासकट. जावयांना आरे-वारेचा समुद्रकिनारा बघायचाय. आता तुला इंग्रजी येतं, तर तूच घेऊन जा. त्यांना तिखट चालत नाही, तेवढं त्यांचं वेगळं कर.

अवनीचं म्हणशील, तर घर काही पळून जात नाही. आम्ही निघालो की जूनमध्ये जा. ती दिवसभर ऑफिसात असेल हे खरं, पण घर बघायला ती कशाला हवी? तिकीट रद्द कर.

पुढचं क्रियापद वेलकम. पहिल्या दिवशी सांदणं हवीत हं, फणसाच्या वासाशिवाय माहेरी आल्यासारखं वाटत नाही.

माझी माया मार्कांवर अवलंबून नाही, हे ध्यानात ठेव.
दर्शना

*

बडोदा, ९ मे

ती. सौ. वन्सं यांना (मुक्काम आमचंच घर, रत्नागिरी) उमाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सगळे सुखरूप पोचलात, हे ह्यांच्याकडून कळलं. मी इथे आलेय, हे त्यांनी तुम्हाला दारातच सांगितलं म्हणे. आधी कळवा म्हणून मी किती मागे लागले, पण त्यांना धीर झाला नाही. आंबे माडीवर अढीत आहेत, खालचे आधी काढा. सांदणांचा रवा डब्यात आहे. फणस मात्र तुम्हालाच फोडावा लागेल, हाताला तेल लावून घ्या. जावयांशी इंग्रजी तुम्हीच बोला, तुमचं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. वेलकमची वाक्यं जमली नाहीत.

इथली गंमत ऐका. आले त्याच संध्याकाळी अवनीने हौसेने सांगितलं की, रविवारी ऑफिसातली सगळी मंडळी आईच्या हातचं जेवायला येणार. हसावं की रडावं तेच कळेना! लेक आपल्याच घरातली की हो. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मी म्हटलं, अवनी, मला जमणार नाही. इंग्रजीत नाही, सरळ मराठीत. वाटलं, आता ही रुसणार, घरात अबोला होणार.

ती म्हणाली, बरं आई, मग बाहेरून मागवू. आणि भेंडी चिरायला लागली.

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं, हे वाक्य बोललं की घर कोसळतं.

पुढच्या मेचंही आताच सांगून ठेवते वन्सं, मला जमणार नाही. उत्तराची घाई नाही, आधी सगळ्यांची जेवणं होऊ द्या. माझा लोभ आहे तसाच आहे, तुमचा किती उरलाय तेवढं कळवा.

तुमची,
उमा