नालीवरचा ओटा आणि पहिली सही

माझा ओटा गेला, शर्मिष्ठा, अन् तो तुझ्या शिकवण्यानं गेला. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

चि. सौ. शर्मिष्ठाले गुढियारीहून आत्याचा जयभीम. राजनांदगावची नवी शाळा मानवली असन. माझे गुडघे होते तसेच आहेत, विचारू नको.

तू बदलीवर जायच्या आधी सातवीच्या पोरांले शिकवून गेली, की आपल्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, जे बिघडलं त्याचा अर्ज लिहा, घरात बसून नुसते बोंबलू नका. झालं. आमच्या गौतमची पोरगी मोनाली वही घेऊन दारोदार फिरली. नाली काहून तुंबते, कोणाकोणाचा ओटा नालीवर आला, सगळं टेप लावून मोजलं. मग सह्या. पहिली सही माझी! चष्मा सापडत नव्हता, पण सहीले चष्मा कशाले लागते? (चौथीतच शाळा सुटली, पण सही झोकात करते.) शांताबाई बाबाराव मेश्राम, अख्खी ओळ भरली. पोट्टे चार शनिवार नगर निगमच्या ऑफिसात जाऊन बसले. पाचव्या शनिवारी निगमवाले घण घेऊन पाऱ्यात आले, यादी वाचली, तर पहिलंच घर आमचं. मी भांडाले उठली. साहेबानं माझीच सही माझ्यापुढं धरली, "अम्मा, ये आप ही हो ना?" आता नाही कसं म्हणू?

पोट्टीले विचारलं, आपलं घर काहून लिहिलं वो? तर म्हणते, "दादी, मैडम बोली थी, पहले अपना घर लिखना।"

बत्तीस वर्षं त्या ओट्यावर बसून मी पाऱ्याचा कारभार पाहिला. आता रस्त्यावर खुर्ची टाकते, तर जो तो स्कूटरवाला हॉर्न वाजवते. पण नाली वाहून राहिली. गल्लीच्या टोकाची कलावती दर पावसाळ्यात गंज-पातेलं घेऊन घरातलं पाणी उपसत बसे, यंदा नाही बसली. तिच्या घरात पाणी माझ्या ओट्यापायी शिरत होतं, हे मले इतकी वर्षं माहीत नव्हतं. (थोडं माहीत होतं.)

तुझी आत्या,
शांताबाई

ता. क. ओटा मले वापस नको. काम दुसरंच आहे. गौतम मोनालीवर लय ओरडला, पाऱ्यातले पोट्टे तिले "तोडू मैडम" म्हणून चिडवतात. तिनं वही पेटीत टाकली. नळाजवळचा लाइट पंधरा दिवसांपासून बंद आहे, ती पाहते अन् मान खाली घालून निघते. मी म्हटलं, लिही अर्ज. तर म्हणते, "अब किसका टूटेगा, दादी?" तू मास्तरीण आहे, याचं उत्तर तुले येत असन.

आणखी एक. अर्ज झाला तर पहिल्या सहीची जागा माझी. चष्मा सापडला. पण उत्तर मले धाडू नको, अन् गौतमले तर नकोच. मोनालीच्या नावानं, हिंदीत, तुझ्या हातानं लिही.